दोन ओळी ज्वारी, चार ओळी अळसांदे आणि एक ढकलायचं टोकण यंत्र

चाकाच्या परिघावर लोखंडी चोची, बाजूला बियांचा पारदर्शक डबा, मागे माती दाबणारं लहान चाक आणि ढकलायला लांब दांडा. हातानं ढकलायचं हे टोकण यंत्र ऑनलाइन दहा नावांनी मिळतं, वस्तू मात्र तीच असते. माझं 12 चोचींचं आहे, घरपोच 5,800 रुपयांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खोक्यावर एक नाव होतं, बिलावर दुसरं आणि दांड्यावरच्या चिकटपट्टीवर तिसरं.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. उरलेला दीड कुठे गेला ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण ज्या कामासाठी मी हे घेतलं ते काम विकणाऱ्यांच्या गावीही नाही. त्यांच्या सगळ्या व्हिडिओंत एक शेत आणि एक बी: मका नाहीतर सोयाबीन. मला त्याच शेतात ज्वारीही हवी होती आणि अळसांदेही, म्हणजे आपल्याकडची टपोरी चवळी. माझा अंदाज असा आहे की हे परीक्षण वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तेच हवं असेल, निदान गोव्यात तरी. आपल्याकडे एकाच पिकाला पुरेल एवढी सलग जमीन कोणाकडे असते?

जमिनीचं आधी सांगतो, कारण या यंत्राचं बरंवाईट जमिनीवर ठरतं. पेडणे तालुक्यात आमचे तीन तुकडे आहेत. एक किनाऱ्याच्या बाजूची केर, वाळूमिश्रित आणि भुसभुशीत. दुसरं सखल भातशेत, चिकण मातीचं. तिसरा तुकडा वर मोरडावर, जांभ्या खड्यांचा. तिथं वडिलांच्या वेळी नाचणी व्हायची, आता काजू आहेत आणि मधली उघडी पट्टी माझ्या उद्योगांसाठी राखलेली आहे. भात कापलं की नोव्हेंबरात अळसांदे घालायचे ही आमच्याकडची जुनीच रीत. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक उभं राहतं, विहिरीचं एखाददुसरं पाणी मिळालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा. त्यात ज्वारी घालायचं कारण आमच्या गोठ्यातल्या दोन गाई. कडबा घाटावरून आणायचा तर गाडीभाड्यातच दूध आटतं. शेजारच्या आबांनी मेरेवर उभं राहून विचारलंच, "गोंयात जोंधळो? भाकरी खावपाक बेळगांवा वच मरे." आबा कोकणीत बोलतात आणि मी मराठीत उत्तर देतो, आमचं असं चाळीस वर्षं चाललंय.

धान्यात कडधान्य घालायचं खूळ मात्र कानोचं. उत्तर नायजेरियातलं हे शहर सॅव्हानाच्या पट्ट्यात आहे: विखुरलेली झाडं, गवत आणि शेतंच शेतं. पाऊस वर्षाला साधारण 800 मिलिमीटर, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे 3,000च्या आसपास पडतो. सप्टेंबरनंतर तिथं टिपूस नाही, आणि थंडीच्या महिन्यांत सहाराकडून हर्माटान हा वारा धूळ घेऊन येतो, इतकी की समोरची मशीद दिसत नाही. खतं आणि शेतीची अवजारं विकणाऱ्या एका फर्मच्या गोदामात मी स्टोअरकीपर होतो. माल घेऊन खेड्यांत जायचो आणि गाडी रिकामी होईपर्यंत बांधावर उभा राहायचो. माझं शेतीचं शिक्षण एवढंच, बाकी कुठली पदवी नाही.

लांबून ती शेतं गबाळी दिसतात. बाजरी, तिच्यात ज्वारी, पायाशी चवळीचे वेल, मध्येच भुईमूग. पण प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. पहिला बऱ्यापैकी पाऊस झाला की बाजरी, हौसा लोकांची गेरो. मागोमाग ज्वारी, त्यांची दावा. ही दोन्ही वर आली आणि पावसानं जम धरला की काही आठवड्यांनी उरलेल्या जागेत चवळी, म्हणजे वाके. बाजरी सर्वांत आधी निघते, ऐन पावसाळा संपायच्या आतबाहेर. ज्वारी मागून. चवळीचा पसरणारा गावठी वेल शेवटी, आकाश कोरडं झाल्यावर, जमिनीतल्या ओलीवर. पाऊस कुठल्याही टोकाला दगा देतो आणि शेतकऱ्याला ते ठाऊक असतं. सुरुवातीला दडी मारली तर बाजरी मरते, दुबार पेरावी लागते. शेवटी लवकर गेला तर चवळीत दाणा भरत नाही, पण पाला तरी हाती लागतो.

त्या पाल्याची किंमत मला तिथं कळली. हरावा म्हणतात त्याला. शेंगा तोडून झाल्या की वेल हिरवट असतानाच उपटायचे, वाळवायचे, वळकट्या करून घराच्या धाब्यावर नाहीतर झाडाच्या बेचक्यात ठेवायचे. मार्च-एप्रिलमध्ये रानात काडी उरत नाही, तेव्हा शेळ्या-मेंढ्या पाळणारे रोख पैसे मोजून तो नेतात. नुसत्या ज्वारी-बाजरीच्या कडब्यात प्रथिनं फार कमी असतात, चवळीचा पाला जोडीला दिला की जनावर तरतं. जगात सर्वाधिक चवळी नायजेरियात पिकते, आणि सकाळी रस्त्याकडेला तिच्या वाटलेल्या डाळीची कोसाई तळतात. आमच्या अळसांद्यांच्या तोंडाकाची, म्हणजे रश्शाची, सवय असलेल्या माणसालाही ती आवडते, एवढं नोंदवून पुढे जातो.

जुन्या पद्धतीत बहुधा एक ओळ धान्य आणि एक ओळ चवळी. त्यात चवळी सावलीत सापडते. मागाहून पेरलेली, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचं धान्य. ऊन मिळत नाही आणि शेंगा कमी लागतात. नायजेरियातल्याच इबादानला मुख्यालय असलेल्या आयआयटीए या शेती संशोधन संस्थेचं (स्थापना 1967) एक केंद्र कानोत आहे. तिथले चवळीचे पैदासकार बी. बी. सिंग, आपल्याकडचेच, आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळी मांडणी पुढे आणली: दोन ओळी धान्याच्या आणि चार ओळी चवळीच्या, असे पट्टे. चवळीही सुधारित, ताठ वाढणारी आणि लवकर येणारी. यातली मेख अशी की चार ओळींच्या पट्ट्यात ऊन खाली पोचतं. खत धान्याच्या ओळींनाच द्यायचं आणि फवारणी चवळीच्या पट्ट्यापुरतीच. चवळीच्या फुलावर फुलकिडे आणि शेंगा पोखरणारी अळी असे दोन मोठे शत्रू असतात. फवारलंच नाही तर पदरात फारसं पडत नाही, आणि सरसकट फवारायला पैसे नसतात. एक पट्टा तेवढा फवारायचा म्हटलं की हिशोब जमतो. आमच्या गोदामातून एकच माणूस खताची गोणी आणि फवारणीचं औषध घेऊन जायचा, पण दोन्हींची जागा शेतात वेगळी.

फायदा होतो की नाही हे मोजायची रीतही सोपी आहे. समजा, एका एकरात नुसती ज्वारी लावून 10 पोती होतात आणि नुसते अळसांदे लावून 4. मिश्र लावलं आणि ज्वारी 5 पोती, अळसांदे अडीच आले. म्हणजे ज्वारीचा अर्धा एकर आणि अळसांद्यांचा अर्ध्याहून थोडा जास्त (0.625) एकाच एकरात बसला. बेरीज 1.125. एकाच्या वर गेली तर मिश्रपीक जिंकलं, खाली आली तर आपण उगाच घाम गाळला. माझे आकडे या उदाहरणातले नाहीत. मी पोती मोजण्याइतकं पिकवतच नाही, पायली मोजतो.

हे काही परदेशी ज्ञान नाही, हेही सांगतो. कुळागरात माड, पोफळ, केळ आणि मिरी एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढवणाऱ्यांना कोणी मिश्रपीक शिकवू नये. डोंगरउतारावरच्या कुमेरीत, म्हणजे फिरत्या शेतीत, नाचणीबरोबर कडधान्यं असायचीच. घाटावर बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक ही मांडणी आजही कृषी खात्याची माणसं सांगतात, आणि हैदराबादजवळ पतंचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेनं ज्वारी-तुरीवर वर्षानुवर्षं काम केलंय. फक्त तिथं बैल आणि तिफण आहे. आपल्याकडे बैल गेले, आणि ओळीत टोकण करायला बाया मिळत नाहीत. म्हणून हे यंत्र.

जोडणी पुतण्यानं केली. कागदावर चित्रं होती, मजकूर इंग्रजी आणि चिनी. "काका, यूट्यूबवर बघूया, यात काही कळत नाही," म्हणाला आणि तासाभरात उभं केलं. नटबोल्टांचं काम बरं आहे, एक-दोन ठिकाणी वॉशर नव्हते ते आमच्या पंपाच्या डब्यातून लावले. वजन पेलण्यासारखं आहे. आमच्या मावशी, ज्या लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं करतात, त्यांनी रिकामं यंत्र अंगणातून एकटीनं शेतापर्यंत नेलं.

यंत्राचं पोट म्हणजे त्यातला रोलर. प्लास्टिकची दंडगोल फिरकी, तिच्यावर खळगे. खळग्यात बी बसतं, ब्रश जास्तीचं झाडतो, आणि एकेक बी चोचीत पडतं. चोच जमिनीत शिरली की उघडते. खोक्यात वेगवेगळ्या खळग्यांचे रोलर येतात: मका, भुईमूग, सोयाबीन, मूग, ज्वारी-बाजरी वगैरे. ज्वारीच्या रोलरला दहापैकी नऊ. एका जागी दोन, कधी तीन दाणे पडतात, नंतर विरळणी करावी लागते, पण नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, फारशा पडत नाहीत. ज्वारीत मला एवढंच हवं होतं.

अळसांद्यांनी मात्र तंगवलं. आपला गोव्याचा अळसांदा टपोरा असतो, बाजारात चवळी म्हणून मिळते तिच्याहून बराच मोठा. चवळीसाठी म्हणून दिलेल्या रोलरमध्ये तो अर्धा बाहेर राहतो आणि ब्रशच्या कडेला अडकून फुटतो. चाक दोन फेरे फिरलं की कटकट आवाज येतो. मग उघडून बघावं तर डाळ. भुईमुगाचा रोलर लावला तर एका खळग्यात दोन-तीन दाणे. अळसांद्याचं चांगलं बी महाग मिळतं, तीन दाणे टाकून दोन उपटायचे हे मावशींना बघवलं नाही आणि मलाही नाही. शेवटी सोयाबीनचा रोलर आमच्या गावच्या चारी मेस्त्रींकडे नेला, त्यांनी गोल कानशीनं खळगे मोठे केले आणि कडा गुळगुळीत केल्या. ब्रशही थोडा मागे सरकवला. आता एका जागी एक, मध्येच दोन. हे काम कंपनीनं करून द्यायला हवं होतं, निदान दोन कोरे रोलर तरी. अर्धा तारा इथं गेला.

रोलर बदलला की शेतात जाण्याआधी ताडपत्रीवर यंत्र चालवून बघा. डब्यात पाव किलो बी घाला, सरळ रेषेत ढकला आणि किती चोचींतून किती दाणे पडले, किती फुटले ते मोजा. ओलसर बी चालत नाही. जिवाणू संवर्धन चोळलं असेल तर सावलीत पूर्ण सुकवून मगच डब्यात, नाहीतर सगळं बी खळग्यांना चिकटून बसतं.

जमीन म्हटलं तर केरीवर या यंत्रासारखं सुख नाही. नांगरून, फळी मारून वापसा आला की चाक आपणहून पळतं. चोच नेमकी शिरते, खोली एकसारखी, मागचं चाक माती दाबून जातं. बसून टोकण करायला दोन बायांना जेवढा वेळ लागायचा त्यातल्या थोड्याच वेळात मी एकटा उरकतो आणि संध्याकाळी कंबर जागेवर असते. माझ्या वयाच्या माणसाला तारे इथंच द्यावेसे वाटतात.

भातशेताच्या चिकण मातीत गोष्ट वेगळी. ओल थोडी जास्त असली की चोचीत माती बसते आणि चोच उघडत नाही. बी पडल्याचं आपल्याला वाटतं, आत नळीत साचत असतं. आठ-दहा पावलांवर थांबून काडीनं चोची साफ करायच्या म्हणजे यंत्राचा उपयोगच संपला. आणि थोडे दिवस थांबलात तर तीच माती भेगाळून कडक होते, मग चोच शिरत नाही. मधला मोका एक-दोन दिवसांचा असतो. तो साधला तर ठीक. मोरडाबद्दल एकाच ओळीत सांगतो: खड्यांवर चाक उड्या मारतं, बी वरच राहतं आणि मोर ते खातात.

मोरांचं वेगळं लिहायला हवं. यंत्रानं पेरलेली ओळ इतकी सरळ आणि दाबलेली असते की मोराला ती दिसते. एका टोकापासून सुरू करतो आणि शिस्तीत दुसऱ्या टोकाला पोचतो. कानोत धान्य पिकायला आलं की क्वेलिया नावाच्या चिमण्यांचे थवे उतरायचे, शेतकरी माचाणावर बसून गोफणी मारायचे. आम्हांला तेही करता येत नाही, मोराला हात लावायचा नाही. पेरल्यावर झावळ्यांचे तुकडे ओळीवर पसरले, कोंब वर येईपर्यंत तसेच ठेवले, तेव्हा वाचलं. यात यंत्राचा दोष नाही, म्हणून तारा कापलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. डबा एकच असल्यामुळे एका वेळी एकच बी. दोन-चारच्या पट्ट्याला ते खपून जातं: आधी ज्वारीच्या सगळ्या ओळी घालून घ्या, मग रोलर बदलून अळसांद्यांच्या. रोलर बदलायला फार वेळ लागत नाही, पण डब्यातलं बी आधी पूर्ण काढावं लागतं आणि त्यासाठी यंत्र उलटं करावं लागतं. डब्याला खाली एक झडप दिली असती तर? एका रुपयाचं प्लास्टिक लागलं असतं.

त्याहून मोठी उणीव म्हणजे पुढच्या ओळीची खूण करणारी दांडी नाही. एकट्या पिकात ओळ दोन बोटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. पट्ट्यात बिघडतं. ज्वारीच्या दोन ओळी ओढताना मधली जागा चुकली तर चौथी अळसांद्याची ओळ ज्वारीच्या मुळाशी जाते आणि तिथं सावलीत खुरटते; नेमकी तीच गोष्ट टाळायला हा सगळा खटाटोप. मी दोन टोकांना खुंट्या मारून सुतळी ताणतो, ओळींमध्ये 45 सेंटिमीटर ठेवतो आणि मापाला बांबूची काठी. काम होतं, पण ढकलण्यापेक्षा सुतळी सरकवण्यात जास्त वेळ जातो. तीन-चारशे रुपये वाढवून खूण ओढणारी दांडी कोणी दिली तर मी आनंदानं देईन. याचा अर्धा तारा.

दोन रोपांमधलं अंतर चोची काढून बदलता येतं. सगळ्या 12 ठेवल्या की रोपं अगदी जवळ, एकाआड एक काढल्या की अंतर दुप्पट. काढलेल्या जागी बंद टोपी बसवायची असते आणि त्या टोप्या नीट मोजून घ्या, माझ्या खोक्यात कमी होत्या.

कानोसारखं एक पीक आधी आणि दुसरं काही आठवड्यांनी पेरायचं असेल तर यंत्र उभ्या पिकाच्या ओळीतून चालवावं लागतं. पट्ट्यात ते जमतं, कारण चार ओळींची जागा मोकळी असते. एकाआड एक ओळ असेल तर दांडा वळवताना ज्वारी मोडते. पण आपल्या हिवाळी हंगामात मी दोन्ही एकाच दिवशी पेरतो, कारण ओल कोणासाठी थांबत नाही. सॅव्हानात पुढचा पाऊस यायचा असतो म्हणून थांबायला जागा असते. आपल्याकडे नोव्हेंबरनंतर जे जमिनीत आहे तेवढंच. तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं इथं उचलून चालणार नाही. ओळींची मांडणी उचलली, वेळ नाही.

विकणाऱ्याच्या पानावर आणखी एक दावा आहे, तो खोडून काढायलाच हवा. "आंतरपीक घ्या आणि खताचा खर्च वाचवा" असं लिहून खाली हेच यंत्र. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात हे खरं. अळसांद्याचं रोप उपटून गाठ नखानं फोडून बघा, आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पण तो नत्र बहुतेक अळसांदाच वापरतो. शेजारच्या ज्वारीला त्याच हंगामात मिळतो तो अगदी थोडा. खरा लाभ पुढच्या पिकाला, तोही मुळं आणि पाला जमिनीत राहिला तर. मी पाला गाईंना घालतो, म्हणजे शेण परत शेतात नेलं तरच हिशोब पुरा होतो. ज्वारीच्या दोन ओळींना खत लागतंच. अळसांद्यांमुळे ज्वारीला मिळतं ते वेगळंच काही: शेतात तण कमी, जमीन झाकलेली, ओल थोडी जास्त टिकते.

आफ्रिकेत एक आणखी कारण आहे, जे इथं लागू नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. घाटावर ज्वारीवर टारफुला हे परोपजीवी तण येतं, तसाच तिथं त्याचा मोठा भाऊ आहे, जांभळ्या फुलांचा. ज्वारी-बाजरीच्या मुळांना चिकटून आतल्या आत पीक शोषतो. एका रोपाला हजारोंनी बारीक बी, आणि ते मातीत दहा-दहा वर्षं जिवंत. चवळी, भुईमूग, सोयाबीन यांच्या काही जातींची मुळं त्या बियांना उगवायला लावतात, पण चिकटून घेत नाहीत. कोंब येतो, आधार मिळत नाही, मरतो. शेतकरी नुसतं म्हणायचा की वाके घातली की तो कमी येतो.

नाचणीसाठी हे यंत्र घेऊ नका. दाणा इतका बारीक की सर्वांत लहान खळग्यातही चिमूटभर पडतो, वाळू मिसळून बघितलं तर वाळू वेगळी आणि नाचणी वेगळी होते. नाचणीचं रोप करून लावायची आपली पद्धतच बरी. कुळथाला चालतं. उडदाला मुगाचा रोलर लावा.

सेवा म्हणाल तर फोन उचलणारी मुलगी नम्र होती, हिंदीत बोलली आणि तुटलेल्या चोचीच्या जागी नवी पाठवली, दोन आठवड्यांनी. तोवर पेरणी संपली होती. कोरे रोलर मागितले तर "सर, वो नहीं आता." इथं उरलेला अर्धा तारा. सुटे भाग म्हापशाच्या बाजारात शोधले, मिळाले नाहीत. लोखंडाला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरला. पेरणी झाली की धुऊन, पुसून, खोबरेल नव्हे तर इंजिनाचं जुनं तेल लावून टांगून ठेवा. आपल्या हवेत हे न केल्यास दुसऱ्या वर्षी चोचींच्या बिजागऱ्या हलणार नाहीत. कृषी कार्ड असेल तर घेण्याआधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा, अवजारांवर अनुदानाच्या योजना असतात; मी घाईत ऑनलाइन घेतलं.

पीक कसं आलं हे विचारणारच. केरीवरचा पट्टा बघण्यासारखा होता. ज्वारीच्या दोन ओळी ताठ, मध्ये चार ओळी अळसांदे, आणि पट्ट्याच्या मधल्या दोन ओळींना कडेच्या दोन ओळींपेक्षा शेंगा जास्त, अगदी डोळ्यांनी दिसण्याइतक्या. कणसं मध्यम, थोडी रोपं खोडमाशीनं नेली, उशिरा पेरलेल्या ज्वारीचं ते दुखणं आहेच. कडबा मात्र गाईंना पुरला आणि अळसांद्यांचा पाला त्यांनी आधी खाल्ला. अळसांदे घरात ठेवून उरलेले पेडण्याच्या बाजारात गेले. भातशेतातल्या चिकण तुकड्यावर निम्म्या जागा मोकळ्या राहिल्या आणि मावशींनी त्या हातानं भरल्या, यंत्राकडे बघत आणि काही न बोलता.

तर, एक-दोन एकरांपर्यंत हलकी, वाळूमिश्रित जमीन असेल, ज्वारी किंवा मका आणि सोबत कडधान्य पट्ट्यानं लावायचं असेल, तर घ्या. चिकण शेत असेल तर शेजाऱ्याचं मागून एकदा चालवून बघा. मागवताना सोयाबीनचा एक रोलर जास्तीचा मागवा, तो कानशीनं मोठा करायला बरा पडतो, आणि बंद टोप्या मोजूनच कुरियरवाल्याला सही द्या. सुतळी आणि काठी घरातलीच चालेल.